व्हिटॅमिन डी सुरू करता, तशी थांबवायची तारीखही लिहा

किडनीच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर आणि त्यांच्या संघटना यांना खुले पत्र

सन्माननीय डॉक्टर,

स.न.वि.वि.

जुनाट किडनी विकार असलेल्या माणसाच्या फाइलमध्ये व्हिटॅमिन डी कुठे ना कुठे सापडतेच. कुठे आठवड्याला ६०,००० युनिटची कॅप्सूल, कुठे कॅल्शियमच्या गोळीत मिसळलेले, कुठे ०.२५ मायक्रोग्रॅम कॅल्सिट्रायॉल. कित्येकदा तिन्ही एकाच वेळी चालू असतात. ते कोणत्या रिपोर्टवरून सुरू झाले, कशासाठी झाले आणि केव्हा थांबवायचे, याची नोंद मात्र नसते. आता त्यात नव्या आश्वासनाची भर पडली आहे: साखर आटोक्यात येईल, वजन उतरेल, इन्सुलिन नीट काम करू लागेल, हृदयाला आधार मिळेल. किडनीचे काम निम्म्याहून कमी उरलेल्या माणसालाही हेच सांगितले जाते.

आम्ही हा आजार असलेले रुग्ण आणि त्यांची औषधे, रिपोर्ट, पथ्यपाणी सांभाळणारी माणसे आहोत. डोस चुकला तर त्याचा भार ज्या किडनीवर पडतो, तिच्यात सोसण्याची ताकद आधीच थोडी उरलेली असते. म्हणून हे मुकाट्याने चालू देणे आम्हाला शक्य नाही.

या आजारात व्हिटॅमिन डीची कमतरता खरी असते आणि ती भरून काढायला हवी, हे आम्ही मानतो. त्वचेत तयार झालेले किंवा गोळीतून आलेले कोलेकॅल्सिफेरॉल यकृतात जाऊन २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी बनते. लॅब मोजते ते हेच. त्यापासून प्रत्यक्ष काम करणारे कॅल्सिट्रायॉल मुख्यतः किडनीत तयार होते. किडनी कमकुवत होऊ लागली की रक्तातले फॉस्फरस वाढण्याच्या कितीतरी आधी हाडांतल्या पेशी एफजीएफ-२३ नावाचे संप्रेरक जास्त सोडू लागतात. हे संप्रेरक जादा फॉस्फरस लघवीवाटे बाहेर काढते, पण त्याच वेळी कॅल्सिट्रायॉल बनवणारे एन्झाइम दाबते आणि ते मोडणारे एन्झाइम वाढवते. कॅल्सिट्रायॉल घटले की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच नावाचे संप्रेरक जास्त सोडतात आणि हाडांतले कॅल्शियम ओढून घेतले जाते. लघवीतून प्रथिने जात असतील तर व्हिटॅमिन डी वाहून नेणारे प्रथिनही त्यांच्यासोबत निघून जाते. अशा रुग्णाचा एकूण आकडा प्रत्यक्ष कमतरतेपेक्षा जास्त वाईट दिसू शकतो. म्हणजे रिपोर्टमधल्या एकाच कमी आकड्यामागे तीन-चार वेगळी कारणे असतात. उपाय मात्र सगळ्यांना एकच लिहिला जातो.

आमची पहिली तक्रार प्रिस्क्रिप्शनमधल्या संदिग्धपणाची आहे. कोलेकॅल्सिफेरॉल आणि कॅल्सिट्रायॉल ही दोन वेगळी औषधे आहेत, पण रुग्णाला दोन्ही ‘व्हिटॅमिन डी’ म्हणूनच सांगितली जातात. पहिले साठ्याचे औषध आहे. ते चरबीत साठते, त्याचे रक्तातले रूप निम्मे व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि अतिरेक झाला तर परिणाम काही आठवडे ते काही महिने रेंगाळतो. दुसरे थेट काम करणारे संप्रेरक आहे. ते काही तासांत ओसरते, पण असते तेव्हा आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही जोराने आत घेते. कोलेकॅल्सिफेरॉलची ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम, तेव्हा ६०,००० युनिट म्हणजे १,५०० मायक्रोग्रॅम. हा हिशेब कॅल्सिट्रायॉलला लावता येत नाही. तिथे पाव मायक्रोग्रॅमही पुरा डोस असतो.

या गोंधळातून ठरलेल्या चुका होतात. आठवड्याची कॅप्सूल रोज घेतली जाते आणि डोस सातपट होतो. आठवड्याला ६०,००० म्हणजे दिवसाला सुमारे ८,५०० युनिट. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये प्रौढांसाठी देखरेखीशिवाय रोज घेण्याची वरची मर्यादा ४,००० युनिट ठरवली होती. आठ-दहा आठवडे कमतरता भरण्यापुरता जास्त डोस समजू शकतो, पण तोच वर्षानुवर्षे ‘कंटिन्यू’ या एका शब्दावर चालू राहतो. आणखी एक चूक वारंवार दिसते. रुग्ण कॅल्सिट्रायॉल किंवा त्याच्याच गटातले अल्फाकॅल्सिडॉल घेत असतो, २५-हायड्रॉक्सीचा रिपोर्ट कमीच येतो, कारण ही औषधे त्या तपासणीत दिसतच नाहीत. मग ‘गोळी लागू पडत नाही’ असे समजून वर आणखी व्हिटॅमिन डी चढवले जाते. उलट बाजूने, साठा पाहायचा असताना १,२५-डायहायड्रॉक्सीची महागडी तपासणी लिहिली जाते. साठा रिकामा असतानाही वाढलेल्या पीटीएचमुळे तो आकडा ठीक दिसू शकतो, म्हणून साठ्याच्या प्रश्नाला तिचा उपयोग नाही.

दुसरी तक्रार तपासण्यांची आहे, आणि आमच्या मते सर्वांत गंभीर हीच. कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच न पाहता व्हिटॅमिन डी सुरू होते, आणि सुरू झाल्यावर पुन्हा पाहिले जात नाही. केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वेळापत्रक स्पष्ट दिले आहे. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे जीएफआर (किडनीची रक्त गाळण्याची क्षमता) ३० ते ५९ असताना, कॅल्शियम आणि फॉस्फरस दर ६ ते १२ महिन्यांनी. चौथ्या टप्प्यात दर ३ ते ६ महिन्यांनी, आणि पीटीएच दर ६ ते १२ महिन्यांनी. जीएफआर १५ च्या खाली गेला की कॅल्शियम-फॉस्फरस दर १ ते ३ महिन्यांनी आणि पीटीएच दर ३ ते ६ महिन्यांनी. उपचार चालू असतील किंवा आकडे बिघडलेले असतील तर याहून लवकर.

कॅल्शियमचा आकडाही एकटा वाचून चालत नाही. अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन ४ च्या खाली असेल तर प्रत्येक १ ग्रॅमच्या घटीमागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवून पाहण्याची रीत आहे. रिपोर्टवर कॅल्शियम ८.८ आणि अल्ब्युमिन २.५ असेल, तर हिशेबाने ते १० होते. ‘कॅल्शियम जरा कमीच आहे’ म्हणून गोळी वाढवायला तिथे जागाच नसते. किडनी विकारात रक्त आम्लधर्मी झाले असेल तर हा हिशेबही फसवतो. शंका असेल तेव्हा आयोनाइज्ड, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेले मोकळे कॅल्शियम मोजणे हाच खरा मार्ग.

कॅल्शियम वाढले की काय होते? भूक मरते, मळमळते, बद्धकोष्ठता होते, तहान लागते, अंगात त्राण राहत नाही, विचारात गोंधळ होतो. डॉक्टर, या लक्षणांची यादी पुन्हा वाचा. क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णाने यातले काहीही सांगितले, तर ते किडनीच्या आजाराच्याच खाती जाते. त्याच काळात वाढलेले कॅल्शियम किडनीच्या रक्तवाहिन्या आकसवते, लघवीतून पाणी राखण्याची क्षमता घालवते, शरीर कोरडे पडते आणि जीएफआर आणखी घसरतो. मग ‘आजार वाढला’ असे म्हटले जाते. थांबवण्यासारखे कारण कॅप्सूलच्या पाकिटात असते, आणि ते कोणी उघडून पाहत नाही.

धोका वाढवणाऱ्या गोष्टी विचारल्याही जात नाहीत. थायाझाइड गटातली रक्तदाबाची गोळी लघवीवाटे जाणारे कॅल्शियम अडवते. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्यात कॅल्शियम चढले तर हृदयाच्या ठोक्यांना धोका संभवतो. क्षयरोग किंवा सार्कोइडोसिस असेल तर तिथल्या पेशी किडनीच्या नियंत्रणाबाहेर स्वतःच कॅल्सिट्रायॉल बनवतात आणि साध्या डोसनेही कॅल्शियम उसळू शकते. फेनिटॉइन, रिफाम्पिसिन यांसारखी औषधे उलट व्हिटॅमिन डी लवकर मोडतात. फॉस्फरस बांधण्यासाठी कॅल्शियमच्याच गोळ्या चालू असतील तर त्यांचा हिशेब धरायला हवा: ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम २०० मिलिग्रॅम असते, ६६७ मिलिग्रॅम कॅल्शियम ॲसिटेटमध्ये सुमारे १६९. वेष्टनावरचा ५०० हा आकडा संयुगाचा आहे की कॅल्शियमचा, हे पाहिल्याशिवाय बेरीज जुळत नाही.

केस-नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनबद्दल तर कोणीच विचारत नाही. अशा गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असू शकते. काही लॅबच्या चाचणीपद्धतीत त्यामुळे पीटीएच खोटे कमी आणि व्हिटॅमिन डी खोटे जास्त येते. बायोटिन किडनीवाटेच बाहेर पडते, त्यामुळे आमच्या शरीरात ते जास्त दिवस राहते. सगळे छान आहे असे सांगणारा रिपोर्ट हातात येतो आणि वाढलेले पीटीएच लपून राहते.

तिसरी तक्रार कॅल्सिट्रायॉल आणि त्याच्या गटातल्या औषधांची. जीएफआर ४५-५० असलेल्या, पीटीएच थोडेसे वाढलेल्या रुग्णाला ही औषधे सर्रास सुरू होतात. २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी डायलिसिसवर नसलेल्या प्रौढांना ती नेहमीचा भाग म्हणून देऊ नयेत, चौथ्या-पाचव्या टप्प्यात पीटीएच खूप आणि सतत वाढत असेल तरच राखून ठेवावीत, असे सुचवले. यामागे ठोस कारण आहे. याच गटातल्या पॅरिकॅल्सिटॉलच्या प्रिमो आणि ऑपेरा या दोन चाचण्यांत सुमारे वर्षभराच्या उपचारानंतरही हृदयाच्या स्नायूची जाडी घटली नाही. कॅल्शियम वाढण्याचे प्रमाण मात्र प्रिमोमध्ये २२.६ टक्के होते, प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी) घेणाऱ्या गटात ०.९. ऑपेरामध्ये ते ४३.३ विरुद्ध ३.३ टक्के होते. किडनीचे काम कमी झाल्यावर पीटीएच थोडे वाढणे ही शरीराची जुळवून घेण्याची धडपडही असते. ते जबरदस्तीने दाबले तर हाडांची झीज-भर मंदावते, हाड आळसावते आणि आलेले कॅल्शियम सामावून घेत नाही. ते मग रक्तवाहिन्यांच्या भिंतीत बसण्याचा धोका वाढतो. म्हणून एका रिपोर्टवर नव्हे, एकाच लॅबमधून केलेल्या लागोपाठच्या रिपोर्टांच्या दिशेवर निर्णय व्हावा. आधी फॉस्फरस, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीचा साठा यांत दुरुस्त करण्यासारखे काय आहे ते पाहावे.

एकरकमी मोठ्या डोसच्या इंजेक्शनांबद्दल फार लिहीत नाही. वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट तोंडावाटे दिलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पडण्याचे आणि हाड मोडण्याचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढले. टोचलेले परत काढता येत नाही, एवढे कारणही आम्हाला पुरेसे वाटते.

आता चयापचयाबद्दल. व्हिटॅमिन डी कमी असलेल्यांत मधुमेह, लठ्ठपणा, हृदयविकार जास्त आढळतात हे खरे आहे. पण शरीरात चरबी जास्त असेल तर तेच व्हिटॅमिन डी जास्त जागेत विखुरते आणि रक्तातला आकडा उतरतो. आजारी माणूस उन्हात कमी जातो. शरीरात दाह असेल तरी आकडा खाली येतो. कमी आकडा हा आजाराचा परिणामही असू शकतो, आणि तो गोळीने वर आणल्याने आजार हटतोच असे नाही.

हे प्रश्न चाचण्यांनी तपासले आहेत. २०१९ च्या डीटूडी चाचणीत मधुमेहपूर्व अवस्थेतल्या २,४२३ लोकांना रोज ४,००० युनिट किंवा प्लासिबो दिले. मधुमेह होण्याच्या प्रमाणात ठोस फरक सिद्ध झाला नाही. २०२३ मध्ये अशा तीन चाचण्या एकत्र मांडल्यावर सुमारे १५ टक्के सापेक्ष घट दिसली, हेही आम्ही प्रामाणिकपणे नोंदवतो. पण ते लोक मधुमेहपूर्व अवस्थेतले होते. प्रगत किडनी विकाराच्या रुग्णाला तो आकडा दाखवणे योग्य नाही. २०१९ मध्येच टाइप २ मधुमेहाच्या १,३१२ जणांना पाच वर्षे रोज २,००० युनिट देऊन किडनीचे काम मोजले गेले, आणि जीएफआरच्या घसरणीत फरक पडला नाही. जपानमधल्या जे-डेव्हिड चाचणीत डायलिसिसवरच्या ९७६ जणांवर अल्फाकॅल्सिडॉल तपासले. २०१८ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष असा की हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या घटना कमी झाल्या नाहीत. २०१० मध्ये पॅरिकॅल्सिटॉलने लघवीतले अल्ब्युमिन काहीसे घटल्याचे दिसले, तेव्हाची आशा रास्त होती. पुरावा पुढे सरकला, आणि प्रिस्क्रिप्शननेही त्याच्यासोबत सरकायला हवे.

इथे एक सापळा आहे. किडनी विकार वाढतो तसे एचबीए१सी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, भरवशाचे राहत नाही. लाल पेशींचे आयुष्य घटते, ॲनिमियासाठी एरिथ्रोपोएटिन सुरू असते, रक्त नवे असते, आणि एचबीए१सी खऱ्या साखरेपेक्षा कमी दिसते. शिवाय इन्सुलिनचा मोठा वाटा किडनीच मोडते. ती थकली की तोच डोस जास्त वेळ काम करतो आणि साखर खरोखरच उतरू लागते. अशा वेळी ‘व्हिटॅमिन डीने गुण आला’ असे म्हटले गेले तर दोन धोके एकदम लपतात: किडनी खालावल्याचा, आणि साखर एकाएकी कोसळण्याचा. त्या रुग्णाचे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या कमी करण्याची गरज असते. ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी तर या अवस्थेत असूच नये.

इन्सुलिनचा प्रतिरोध किडनी विकारात असतोच. त्याची कारणे रक्तातले आम्ल, साचलेली विषद्रव्ये, दाह, झिजलेले स्नायू, थांबलेली हालचाल अशी आहेत. त्यांवर करण्यासारखे बरेच आहे. रक्तातले आम्ल दाखवणारे बायकार्बोनेट मोजा आणि ते १८ च्या खाली जाऊ देऊ नका. टाइप २ मधुमेह आणि जीएफआर २० किंवा अधिक असेल तर एसजीएलटी-२ रोधक (साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी) गोळी का नाही, हे रुग्णाला सांगा. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन यांनी किडनीचे रक्षण होते, हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले आहे. मेटफॉर्मिन जीएफआर ४५ च्या खाली गेला की कमी करा, ३० च्या खाली बंद करा. झेपेल असा चालण्याचा आणि ताकदीचा व्यायाम लिहून द्या, नुसता ‘फिरत जा’ म्हणून नव्हे. ज्या भेटीत या गोष्टी राहून जातात आणि व्हिटॅमिन डी मात्र लिहिले जाते, त्या भेटीबद्दल आमची तक्रार आहे.

आमच्या मागण्या अशा.

प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर औषधाचे पूर्ण नाव लिहा: कोलेकॅल्सिफेरॉल, कॅल्सिट्रायॉल, अल्फाकॅल्सिडॉल, जे असेल ते. युनिट की मायक्रोग्रॅम हे अक्षरात लिहा. आठवड्याचा डोस असेल तर वार लिहा. किती आठवडे, आणि पुढची तपासणी कोणत्या तारखेला, हेही लिहा. ती तपासणी झाल्याशिवाय डोस आपोआप पुढे चालू राहू नये.

सुरू करण्याआधी कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, पीटीएच, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, बायकार्बोनेट आणि जीएफआर एकत्र पाहा. कोलेकॅल्सिफेरॉलनंतर व्हिटॅमिन डीचा साठा साधारण तीन महिन्यांनी तपासा, त्याआधी आकडा स्थिरावत नाही. कॅल्शियम-फॉस्फरस मात्र त्याच्या कितीतरी आधी पाहा, आणि कॅल्सिट्रायॉल असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच. कॅल्शियम मर्यादेबाहेर गेले तर काय थांबवायचे आणि कोणाला फोन करायचा, हे रुग्णाला त्याच दिवशी लिहून द्या.

रुग्ण घेत असलेल्या सर्व गोळ्या, पावडरी, टॉनिके टेबलावर मांडायला सांगा आणि व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायोटिन यांची बेरीज करा. हे काम नर्सने किंवा फार्मासिस्टने केले तरी चालेल, पण फाइलमध्ये उतरले पाहिजे.

साखर, वजन, हृदय किंवा किडनी सुधारण्यासाठी म्हणून किडनीच्या रुग्णाला व्हिटॅमिन डी देऊ नका. कमतरता, हाडे आणि पीटीएच यांसाठी द्या, आणि तसेच सांगा.

संघटनांकडे वेगळी मागणी आहे. आपल्या सदस्यांसाठी एका पानाचा नमुना तयार करा, ज्यात टप्प्यानुसार तपासण्या, डोस, थांबवण्याची मर्यादा आणि टाळायच्या औषधांच्या जोड्या असतील. तोच नमुना रुग्णांच्या भाषेत जाहीर करा. व्हिटॅमिन डी विकणाऱ्या कंपन्यांच्या खर्चाने होणाऱ्या व्याख्यानांत किडनी विकाराबद्दल केलेले दावे तपासा आणि खोडायचे असतील तर जाहीरपणे खोडा. या पत्राला लेखी उत्तर द्या. यातला एखादा मुद्दा आपल्याला मान्य नसेल तर तो कोणत्या पुराव्यावर, तेही त्यात असावे.

आपले,
किडनी विकाराचे रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे